पाच हा आकडा येतो कोठून?

मानवी हाताला पाच बोटे असणे इतके गृहीत धरले जाते की सहा बोटांचे किंवा जोडबोटांचे मूल जन्मले की घरातील मंडळी प्रथम त्याचे कारण शोधू लागतात, आणि महाराष्ट्रात अजूनही अनेकदा तो दोष गर्भवतीने ग्रहणात काही चिरल्या-कापल्यावर टाकला जातो. या आरोपाला काहीही आधार नाही. गर्भातील हाताच्या जडणघडणीत पाच हा आकडा कोठेही लिहून ठेवलेला नसतो. पेशींनी एकमेकींना दिलेल्या रासायनिक संदेशांतून तो प्रत्येक गर्भात नव्याने निष्पन्न होतो आणि म्हणूनच तो क्वचित बदलतोही.

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या कडेला हाताचा अंकुर फुटतो, पुढे तो वल्ह्याच्या पात्यासारखा चपटा होतो, त्यात बोटांच्या जागी कूर्चेच्या, म्हणजे हाडाआधी तयार होणाऱ्या लवचीक ऊतीच्या, रेषा उमटतात आणि त्यांच्यामधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरून गेल्यामुळे आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटे सुटी होतात. हे पेशींचे मरण अपुरे राहिले तर बोटे त्वचेने, कधी हाडानेही, जोडलेली राहतात. बदकाच्या पायात ते मुळातच रोखले जाते, म्हणून तेथे पडदा टिकतो.

बोटे किती व्हावीत, याचे गूढ मात्र कोंबडीच्या गर्भाने उकलले. जॉन साँडर्स आणि मेरी गॅसेलिंग यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की पंखाच्या अंकुराच्या मागच्या कडेवरील थोडीशी ऊती पुढच्या कडेवर रोवली, तर आरशातील प्रतिबिंबासारखी बोटांची दुसरी मालिका उगवते. या कडेतून स्रवणारे प्रथिन १९९३ मध्ये ओळखले गेले आणि त्याला ‘सॉनिक हेजहॉग’ असे नाव मिळाले. माणसाच्या हातात ते करंगळीच्या बाजूला तयार होते, तर अंगठ्याच्या बाजूला त्याचा अभाव असतो. विलक्षण गोष्ट अशी की हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाची हातापुरती कळ त्याच्यापासून डीएनएच्या सुमारे दहा लाख अक्षरांवर, एका वेगळ्याच जनुकाच्या पोटात दडलेली आहे, आणि त्या कळीतील एकच अक्षर बदलले तरी प्रथिन अंगठ्याच्या बाजूलाही पाझरून तेथे जादा बोट येऊ शकते. फ्लोरिडातील की वेस्ट येथे अर्नेस्ट हेमिंग्वेच्या घरातील जादा बोटांच्या मांजरांमध्येही बदल याच कळीत आढळला. उत्क्रांतीच्या इतिहासातही पाच हा आकडा पहिला नव्हे, कारण सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या अ‍ॅकँथोस्टेगा या चतुष्पाद प्राण्याच्या पुढच्या पायाला आठ बोटे होती.

बोटांच्या अशा वेगळेपणाने आनुवंशिकीलाही मोठे ऋणी केले आहे. विल्यम फॅराबी यांनी पेनसिल्व्हेनियातील एका कुटुंबातील आखूड बोटांचा पिढ्यानुपिढ्यांचा आलेख मांडून १९०५ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि मेंडेलचे नियम माणसालाही लागू पडतात याच्या अगदी पहिल्या पुराव्यांत त्याची गणना होते.

जादा बोट बहुधा निरुपद्रवी असते, तरी कधी ते इतर अवयवांतील दोषांची खूण असू शकते, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांची तपासणी आवश्यक ठरते. घरच्या घरी दोरा बांधून ते गळवण्याचा प्रकार जंतुसंसर्गाला निमंत्रण देणारा असल्याने टाळलाच पाहिजे. काढायचे की ठेवायचे, हा निर्णय त्या बोटाच्या उपयोगावर अवलंबून असावा. दोन्ही पायांना सहा-सहा बोटे असलेल्या जलपाईगुडीच्या स्वप्ना बर्मन यांना मापाचे बूट मिळणे दुरापास्त होते, तरी त्यांनी २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचे सुवर्णपदक जिंकले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पूर्ण वाढलेले सहावे बोट असलेल्या दोन व्यक्तींची तपासणी झाली, तेव्हा त्या बोटाला स्वतःचे स्नायू, स्वतःच्या नसा आणि मेंदूत स्वतंत्र जागा असल्याचे दिसले. एरवी दोन हातांनी करावी लागणारी काही कामे या व्यक्ती एकाच हाताने करीत होत्या.