पत्र आलं, पण वाचायचं कसं?

मैत्रिणींनो, ज्याला दिसत नाही तो ई-मेल कसा वाचतो, हा प्रश्न आपल्याला सहसा पडतच नाही. घरातलं कुणीतरी वाचून दाखवत असेल, असं आपण धरून चालतो. अहो, तसं नाहीये! पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा 'स्क्रीन रीडर' असतो. संगणकासाठीचा 'एनव्हीडीए' तर फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करनने तो बनवायला घेतला, पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. दोघेही अंध.

मग अडतं कुठे? तर पाठवणाऱ्याकडे.

आमच्या ओळखीची एक अंध मुलगी आहे, बी.ए. झालेली. तिला एका कार्यालयाकडून मेल आला, 'सोबतचे पत्र पाहावे.' बस, एवढंच! पत्र उघडलं तर यंत्र म्हणतं, पान कोरं आहे. भाऊ संध्याकाळी कामावरून आला, त्याने वाचलं, तेव्हा कळलं की कागदपत्रं त्याच दिवशी पाचपर्यंत द्यायची होती. आणि जागा कुठली, तर अपंगांसाठी राखीव! मी फोन केला तर पलीकडून विचारतात, "घरात कुणी डोळस नाही का?" लेखी अर्ज दिला, तेव्हा कुठे चार दिवसांनी कागद घेतले.

पान कोरं नव्हतंच. झालं असं की पत्र टाइप केलं, छापलं, सही-शिक्का मारला आणि स्कॅन करून पाठवलं. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्यात अक्षरं उरत नाहीत, नुसतं चित्र उरतं. स्कॅन जरूर जोडा, पण तोच मजकूर मेलमध्येही टाइप करा. हळदीकुंकवाच्या रंगीत पत्रिकेलाही हेच लागू. खाली तारीख, वेळ, पत्ता दोन ओळींत लिहायला कितीसा वेळ लागतो?

दुसरी अडचण खास आपल्या मराठीची. शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी असतं, पण आत भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. यंत्र तीच वाचतं, सगळी गचडी! म्हणून टाइप युनिकोडमध्येच करायला हवं. मोबाइलवर आपण लिहितो ते युनिकोडच असतं.

बाकी गोष्टी लहानसहान. विषयाची ओळ रिकामी सोडू नये. 'लाल अक्षरातल्या तारखा बघा' म्हटलं तर अंधालाही उपयोग नाही आणि रंगांधळ्यालाही. फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं तर चाळिशीनंतर आपल्यालाही दिसत नाहीत, खरं ना? नुसतं 'इथे क्लिक करा' लिहू नका, 'अर्ज इथे भरा' लिहा. ओळीने दहा फुलं टाकलीत तर यंत्र त्यांचीही नावं सांगत बसतं. आणि व्हिडिओ पाठवलात तर बहिऱ्या व्यक्तीसाठी त्यातलं बोलणं खाली लिहा.

हे सौजन्य म्हणून सोडून द्यायचं नाही बरं का. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात माहिती त्यांना वापरता येईल अशा रूपात देण्याची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

आपला मेल कसा ऐकू येतो ते बघायचंय? अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'टॉकबॅक' असतं. ते चालू करा आणि डोळे मिटून ऐका. मात्र तेव्हा एकदा टेकवलं की फोन नाव सांगतो, दोनदा टेकवलं की उघडतो. त्यामुळे बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा, नाहीतर मुलांना हाका मारत बसाल!