काला अंबच्या वाटेवर फुकटचं दूध

पानिपत, डिसेंबरअखेर

पानिपतात राहतो म्हटलं की गावाकडची माणसं अजूनही सांत्वनाला आल्यासारखा चेहरा करतात. ‘तिकडं निभतंय ना?’ अहो, निभतंय. लढाई 14 जानेवारी 1761 ला संपली. आता इथे गालिचे, पायपुसणी आणि चादरी होतात, आणि मी चिंध्यांच्या गिरणीत हिशेब बघतो.

गेल्या आठवड्यात सोलापूरहून मामा आले. काला अंब, म्हणजे त्या लढाईचं स्मारक, बघायचा हट्ट. गाडी जीटी रोडला लागते न लागते तोच चार-पाच तरुण हात पसरून आडवे आले. डोक्यावर केशरी-निळे पटके. मामांनी झटक्यात काच वर केली, पाकीट मांडीखाली सरकवलं आणि मला बजावलं, “पन्नासच्या वर द्यायचे नाहीत. पावती घे.”

काचेवर टकटक. काच खाली केली, तर कागदी पेल्यात वाफाळतं दूध, वर बदामाचे काप.

“कितने का?” मामा.

“सेवा है जी, पी लो.”

मामांनी तरी पन्नासची नोट काढलीच. पोरानं ती दुमडून त्यांच्याच खिशात घातली आणि मागच्या ट्रककडे पळाला.

हा दुधाचा लंगर. 1704 च्या डिसेंबरात गुरू गोविंदसिंगांच्या दोन धाकट्या मुलांना आजीसकट सरहिंदच्या थंड बुरुजात कोंडलं होतं. मोतीराम मेहरा नावाचा माणूस जीव धोक्यात घालून त्यांना चोरून दूध पोचवायचा, असं सांगतात. पुढे मुलांना भिंतीत चिणलं. म्हणून नाताळच्या या आठवड्यात, जग केक कापत असताना, इथे रस्त्यावर कढया चढतात. मामांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, “पण पैसा कुठून येतो?” कुणी दूध आणतं, कुणी सिलिंडर, कुणी नुसता पेले भरायला येतो. बॅनर होता. त्यावर कुणाचा वाढदिवस नव्हता.

मामांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे रस्ता अडवणारा हात वर्गणीचाच असतो, आणि सज्जनपणे मागायचं तर आधी समोरच्याच्या हातात काहीतरी ठेवावं लागतं. दिवाळीआधी कार्यकर्ते उटण्याच्या पुड्या घेऊन येतात. शाळेत 7 डिसेंबरचे ध्वजदिनाचे झेंडे असायचे, शिवाय क्षयरोग्यांच्या मदतीसाठी विकायची तिकिटं. मला मिळालेला अख्खा कागद खपेना, तेव्हा वडिलांनी सगळी तिकिटं विकत घेतली आणि कपाटाच्या दारावर चिकटवली. वर आठवडाभर कुरकुर. ही तिकिटांची कल्पना मूळ डेन्मार्कमधल्या एका पोस्टातल्या कारकुनाची; पहिली तिकिटं 1904 च्या नाताळात निघाली. म्हणजे विकून दान गोळा करण्याची खोड आपली एकट्याची नव्हे.

भाचा अमेरिकेत पोर्टलंडला असतो. त्याचा मुलगा स्काउटमध्ये आहे. डिसेंबरभर ही पोरं पार्किंगच्या जागेत नाताळची झाडं विकतात. फूटपट्टीने उंची मोजायची, बुंध्याची चकती कापायची, झाड गाडीच्या टपावर बांधून द्यायचं. पैसा पथकाच्या आणि गावच्या कामांना. जानेवारीत तीच पोरं वाळलेली झाडं दारोदार उचलतात आणि त्याचीही देणगी घेतात. एका झाडावर दोनदा! मामांना हे मात्र मनापासून पटलं. “याला म्हणतात नियोजन.”

त्या देशांतली नाताळची स्वेटरं शेवटी माझ्या गिरणीत येतात. तिकडे कुणीतरी दान दिलेली, इथे किलोवर विकत घेतलेली. बायका उभ्या पात्यावर बटणं, चेन उडवतात, रंगवार ढीग लावतात. हिरव्या झाडांची नक्षी हिरव्या ढिगात जाते. सूत पुन्हा रंगवावं लागत नाही. त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात आणि थंडीत, पुरात, भूकंपात वाटली जातात. एकच लोकर दोनदा दान होते, मधला नफा आमचा.

इथलं सगळं गोड मानू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्यावर पेल्यांचा खच असतो. हिशेब विचारलात तर माणूस दुखावतो. आणि बाजारात ‘सोलापुरी’ म्हणून पानिपतची चादर दिसली, तेव्हा मामांचा पारा चढला. 2005 मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तरी हे चालतंच, यावर त्यांनी दुकानदाराला अर्धा तास मराठीत सुनावलं. त्याने चहा मागवला.

काला अंबला आंबा नाही. विटांचा स्तंभ, भोवती लोखंडी कुंपण. संक्रांतीला इथे रोड समाजाचे लोक जमतात, आपण मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज असं अभिमानाने सांगतात. त्या दिवशी कुणी नव्हतं. मामा चपला काढून थंड फरशीवर बराच वेळ उभे राहिले. मग दानपेटी शोधू लागले. पन्नासची नोट खिशात टोचत असावी.

परतताना पुन्हा तोच लंगर. या वेळी काच आधीच खाली होती. मामांनी पिशवीतून शेंगाचटणीचं अर्धा किलोचं पाकीट काढून पोराच्या हातात कोंबलं. त्याने वास घेतला, चिमूटभर तोंडात टाकली.

“कितने की है, अंकल जी?”

ती चटणी माझ्यासाठी आणली होती.