मोटारींतील पडदा कोणाचा?

ज्या घरांत मोटार एक आणि फोन सहा आहेत, अशा घरांतील मंडळींकरितां आम्ही हा लेख लिहीत आहों. अशीं घरें आतां दुर्मिळ राहिलीं नाहींत. आमच्या घोडपदेवांतच पाहा. पुष्कळ चाळींच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्या गल्लींत पूर्वीं हातगाडी वळविण्यास दोन माणसें लागत, तेथें आतां मोटारींच्या रांगा लागतात. मोटार घरीं आली म्हणजे ती सासऱ्यांची, मुलांची, सुनांची, नातवंडांची, अशी सर्वांची असते. फोन मात्र ज्याचा त्याचा. गेल्या दहा-बारा वर्षांत या दोन वस्तूंचें जें लग्न लागलें आहे, त्यापासून उद्भवणाऱ्या घरगुती प्रश्नांचा विचार व्हावा तितका झालेला आम्हांस दिसत नाहीं. विक्रेता मोटार हवालीं करतांना "असें जोडा, असें दाबा" एवढें पांच मिनिटांत सांगून मोकळा होतो. काय जोडलें गेलें आणि काय उघडें पडलें, हें तो सांगत नाहीं. त्याचें तें कामही नव्हे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. अॅपल कंपनीनें 'कारप्ले' ही योजना मार्च २०१४ मध्यें जिनीव्हा येथील मोटार-प्रदर्शनांत लोकांपुढें मांडली. गूगलची 'अँड्रॉइड ऑटो' त्याच वर्षाच्या जूनमध्यें जाहीर होऊन २०१५ च्या मार्चमध्यें प्रत्यक्ष हातीं आली. आपल्याकडे ही सोय श्रीमंतांच्याच वाहनांत अडकून पडली नाहीं. मारुतीच्या बलेनो गाडींत ती २०१५ च्या आक्टोबरांतच दिसली. आतां तर पडदा नसलेली नवी मोटार शोधावी लागेल.

कित्येकांची अशी समजूत असते कीं, फोन जोडला म्हणजे त्यांतला नकाशा मोटारींत शिरतो. तसें होत नाहीं. वाट शोधणें, नकाशा रेखाटणें, गाणें लावणें हीं सर्व कामें फोनच करीत असतो. त्या कामांचें एक चलच्चित्र तो तारेनें किंवा बिनतारी मार्गानें पडद्याकडे धाडतो, आणि आपण पडद्यावर बोट टेकलें कीं "अमुक जागीं बोट पडलें" एवढाच निरोप पडदा फोनकडे परत पाठवितो. वेदान्ताच्या पाठांत स्फटिक आणि जास्वंदीचें फूल हा दृष्टान्त नेहमीं येतो. तांबडें फूल जवळ ठेविलें कीं शुभ्र स्फटिक तांबडा भासतो. फूल उचललें कीं तांबडेपणा गेला. मोटारीचा पडदा हा तसाच स्फटिक आहे. थोरल्या सूनबाईंचा फोन जोडला कीं तो त्यांचा, धाकट्या चिरंजीवांचा जोडला कीं त्यांचा. हा दृष्टान्त एके ठिकाणीं लंगडा पडतो. तें पुढें सांगूं.

बिनतारी जोडणींत दोन पायऱ्या असतात. प्रथम 'ब्लूटूथ'नें ओळख पटते (हें नांव दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या एका राजाच्या टोपणनांवावरून घेतलेलें आहे; व्युत्पत्तीचा नाद असलेल्यांनीं टिपून ठेवावें). परंतु चलच्चित्राचा भार ब्लूटूथला पेलत नाहीं, म्हणून ओळख पटतांच सर्व व्यवहार 'वाय-फाय'वर जातो. यामुळें फोन तापतो आणि मुंबईच्या उन्हांत तर फारच तापतो. तार वापरणाऱ्यांचें दुःख निराळें. बाजारांत मिळणाऱ्या कित्येक स्वस्त तारा केवळ वीज वाहून नेतात, निरोप वाहून नेत नाहींत. फोन भरतो, पण पडदा काळा तो काळाच. मोटारींत दोष आहे असें समजून कारखान्याकडे धांवण्यापूर्वीं तार बदलून पाहावी.

ब्लूटूथची हांक साधारण तीस फूट पोंचते. आमची मोटार तळमजल्यावर उभी असते आणि बिऱ्हाड तिच्या वर पहिल्याच मजल्यावर आहे. एके सकाळीं थोरल्या चिरंजीवांनीं खालीं गाडी सुरू केली, तों वर स्वयंपाकघरांत सूनबाईंचें त्यांच्या आईशीं चाललेलें बोलणें मध्येंच थांबलें, आणि ओट्यापाशीं ऐकूं येणारा व्याहीणबाईंचा आवाज एकदम खालीं मोटारींत निघाला. त्या बिचाऱ्या जांवयांच्याच तक्रारी सांगत होत्या. दोघांनीं हसून वेळ मारून नेली. मोटारीच्या यादींत ज्या फोनची पूर्वीं ओळख झालेली असते, त्यांतला जो आधीं सांपडेल त्याला ती धरते. कोणास अग्रक्रम द्यावयाचा, हें यादींत जाऊन ठरवून ठेवावें लागतें.

दुसरा प्रसंग इतका हसण्यासारखा नव्हता. गेल्या वर्षीं मार्गशीर्षांत आम्ही सर्वजण पेणला एका मुंजीस निघालों होतों. घोडपदेवाहून शिवडीस पोंचावें आणि तेथून अटल सेतूनें पलीकडे उतरावें, हा मार्ग जानेवारी २०२४ पासून झाला आहे; पुलाची लांबी जवळजवळ बावीस किलोमीटर असल्यामुळें मध्यें कोठें थांबण्याची सोय नाहीं. धाकटे चिरंजीव गाडी हांकीत होते, फोन त्यांचाच जोडलेला होता, आणि आलेले संदेश आपोआप मोठ्यानें वाचण्याची सोय चालू राहिली होती. पुलाच्या मध्यावर गाणें थांबलें आणि त्या यांत्रिक स्त्रीनें शुद्ध इंग्रजींत सर्वांस ऐकविलें कीं, ठाण्याच्या सदनिकेपोटीं भरलेली पहिली रक्कम पोंचली आहे.

कोणी कांहीं बोललें नाहीं. धाकट्या सूनबाई खिडकींतून समुद्र पाहूं लागल्या. नातवानें "कोणाचा फ्लॅट?" असें दोनदां विचारलें. शेवटीं आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पूल उतरल्यावर कोठें तरी चहाला थांबा रे." वेगळें घर करण्याची गोष्ट चिरंजीव आमच्यापासून लपविणार होते असें नव्हे, पौषांत परीक्षा आटोपल्यावर आमच्याशीं बसून बोलण्याचा त्यांचा मनोदय होता, आणि तसे ते पुढें बोललेही. घर वाढलें कीं त्याच्या फांद्या होणारच, याचें आम्हांस दुःख नाहीं. परंतु मुलानें बापास अशी गोष्ट केव्हां आणि कोणत्या शब्दांत सांगावयाची, हें ठरविण्याचा त्याचा अधिकार एका यंत्रानें हिरावून घेतला, ही गोष्ट आम्हांस लागली. चाळींत वाढलेल्या आमच्या पिढीस भिंतींना कान असतात हें ठाऊक होतें, आणि म्हणून आम्ही हलक्या आवाजांत बोलावयास शिकलों. येथें कानांच्या जोडीस तोंड फुटलेलें आहे. ही वाचनाची सोय दोन्ही योजनांत बंद करतां येते. कुटुंबाच्या मोटारींत तिला जागाच असूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां रस्त्याकडे वळूं. घोडपदेवाच्या पूर्वेस, बंदराच्या बाजूस, २०१३ सालीं खुला झालेला पूर्व मुक्तमार्ग खांबांवरून धांवतो आणि खालून बंदराचे जुने रस्ते जातात. आकाशांतील उपग्रहांवरून फोनला आपलें स्थान जमिनीवर बरें कळतें. उंची मात्र तितकी नीट कळत नाहीं. त्यामुळें आपण मालमोटारींच्या गर्दींत खालीं अडकलेले असतां पडदा आपणांस वरच्या मार्गावर मोकळे धांवत असलेले दाखवितो. सागरी किनारा मार्गाच्या दोन-दोन किलोमीटरांच्या बोगद्यांत तर उपग्रहाचा संकेतच पोंचत नाहीं. येथें जोडणीचा एक खरा लाभ होऊं शकतो. कित्येक मोटारी आपल्या छपरावरील संकेतग्राहकाचें ज्ञान व चाकांची गति फोनला पुरवितात, आणि त्या आधारानें नकाशा अंधारांतही अंदाजानें पुढें सरकतो. म्हणजे देणें-घेणें अगदींच एकतर्फी नसतें.

उच्चाराची गोष्ट न बोललेलीच बरी. आमच्या वस्तीचें नांव इंग्रजींत कोणी 'ड' धरून लिहितात, कोणी 'र' धरून. आणि तें इंग्रजी अक्षरांवरून वाचणारा आवाज आम्हांस रोज 'घोरॅपडिओ' नांवाच्या कोणत्या तरी परमुलखांत नेऊन सोडतो. मूर्धन्य वर्णाची अशी विटंबना आम्हीं छत्तीस वर्षांच्या मास्तरकींत एकाही विद्यार्थ्याकडून ऐकली नव्हती.

पण विनोदाखालीं एक गंभीर बाब आहे. ब्रिटनमधील 'टीआरएल' या वाहतूक-संशोधन संस्थेनें 'आयएएम रोडस्मार्ट' या संस्थेकरितां केलेले प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाले. कृत्रिम रस्त्यावर गाडी चालविणाऱ्यास समोरचा संकेत दिसल्यापासून प्रतिसाद देण्यास किती वेळ लागतो, हें त्यांत मोजलें होतें. कारप्ले बोटानें हाताळतांना हा काळ ५७ टक्क्यांनीं वाढला, तोंडी आज्ञेनें ३६ टक्क्यांनीं. अँड्रॉइड ऑटोचे आंकडे अनुक्रमें ५३ आणि ३०. त्या देशाच्या कायद्यास मान्य असलेल्या मर्यादेइतकें मद्य घेतलेल्याचा हाच आंकडा १२ धरलेला आहे! आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनें वाहन चालवितांना फोन हातांत धरून वापरणें धोकादायक चालविण्यांत मोडतें, आणि पहिल्या अपराधास एक हजार ते पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद सांगितली आहे. पण या कलमाचा रोख हातांतील यंत्रावर आहे, आणि डोळा हातापासून किती दूर गेला हें कोणताही शिपाई मोजूं शकत नाहीं. युरोपांत मोटारींची सुरक्षितता तपासणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून दिशादर्शक, पुसणी, भोंगा अशा मुख्य कामांस प्रत्यक्ष कळ असावी असा आग्रह गुणांकनांत धरूं लागली आहे. ही बुद्धि सुचावयास थोडा उशीरच झाला.

आमच्या घरीं आतां रीत अशी: चालविणाऱ्याचा फोन जोडावयाचा नाहीं, त्याच्या शेजारीं बसणाऱ्याचा जोडावयाचा. पडद्यास बोट लावण्याचा अधिकार फक्त त्याचा. चालविणाऱ्यानें रस्ता पाहावा आणि कानानें वाट ऐकावी. एकट्यानें जाणाऱ्यानें निघण्यापूर्वींच स्थळ लिहून घ्यावें. याबद्दल कुरकूर होते, विशेषतः गाणीं कोणतीं लावावयाचीं यावरून. ती आम्ही कानाआड करतों.

आतां या पडद्यावरून एक मोठें भांडण जुंपलें आहे, आणि त्याचा एक धागा आमच्या शेजारीं पोंचतो. घोडपदेवाच्या लगतच्या शिवडींत जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं सुटे भाग जोडून मोटारी उभ्या करण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ पर्यंत चालला. त्याच कंपनीनें २०२३ सालीं जाहीर केलें कीं, आपल्या यापुढील विजेच्या मोटारींत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो असणार नाहींत. नकाशा, गाणीं, संदेश सर्व मोटारीच्याच यंत्रांत राहतील. चालकाचें लक्ष विचलित होऊं नये, हेंही एक कारण पुढें आलें आहे. आम्हांस मात्र त्यामागें पैशाचा वास येतो. ज्याचा पडदा त्याचें गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक एकदां हातीं आलें म्हणजे दरवर्षीं वर्गणी मागतां येते. बीएमडब्ल्यूनें कारप्लेकरितां अशी वार्षिक वर्गणी घेऊन पाहिली होती. लोकांनीं ओरड केल्यावर २०१९ च्या अखेरीस ती सोडून दिली. एकत्र कुटुंबास तर मोटारींतलें घडीव यंत्र अधिकच अडचणीचें. कारण त्यास कोणाचें तरी एकाचें खातें द्यावें लागतें, आणि मग घरांतील प्रत्येकाचें जाणें-येणें त्या एकाच्या नांवावर नोंदलें जातें. माणूस उतरला कीं त्याचें सामान त्याच्याबरोबर उतरावें, हें फोनच्या पद्धतींत बव्हंशीं तरी घडतें.

बव्हंशीं म्हणण्याचें कारण हेंच कीं, येथें स्फटिकाचा दृष्टान्त लंगडा पडतो. नकाशा व संदेश फोनबरोबर जातात हें खरें, पण ब्लूटूथनें ओळख होतांना मोटार "नांवांची यादी घेऊं काय?" असें विचारते, मुलें न वाचतां "होय" दाबतात, आणि नांवें, क्रमांक व झालेल्या बोलण्यांची यादी मोटारीच्या स्वतःच्या स्मृतींत उतरते. कित्येक मोटारींत ती फोन गेल्यावरही आंत राहते. फूल उचललें, थोडा तांबडेपणा उरला.

आमच्या एका भाच्यानें गेल्या उन्हाळ्यांत जुनी मोटार विकत घेतली आणि ती दाखविण्यास घोडपदेवास आणली. पडद्यावर ओळखीच्या फोनांची यादी होती. तींत सात नांवें, आणि त्यांपैकीं एक नुसतें 'आई'. मोटारीच्या अंगच्या नकाशांत 'घर' या खुणेवर बोट ठेवितांच पुण्यांतील एक गल्ली, इमारतीच्या नांवासह, समोर आली. विकणाऱ्यानें गाडी आरशासारखी धुऊन दिली होती. हें धुवावयाचें राहिलें. आम्हीं भाच्यास तेथल्या तेथें सेटिंग्जमध्यें जाऊन यंत्र मूळ स्थितीवर आणावयास लाविलें. त्यास पांच-सात मिनिटें लागलीं. नंतर पडदा पुन्हां उजळला आणि त्यानें पहिला प्रश्न विचारला तो भाषा कोणती हा. यादींत मराठी नव्हती. भाच्यानें हिंदी निवडली.