हाड मोजले, आजार ठरला

निडीहून रोह्याला किंवा पेणला तपासणीसाठी गेलेली एखादी अम्मी हातात कागद घेऊन परतते. त्यावर ‘ऑस्टिओपेनिया’ लिहिलेले असते आणि घर काळजीत पडते.

हा आजार आहे तरी काय? 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासगटाने हाडांच्या घनतेच्या रेघा आखल्या. माप धरले निरोगी तरुण बाईचे. त्याहून उणे 1 ते उणे 2.5 आकडा आला की ऑस्टिओपेनिया. म्हणजे साठीच्या सासूची तुलना तिशीच्या सुनेशी! या हिशेबाने तरुणींतल्याही शंभरात सोळा जणी उणे 1 च्या खालीच जातात. रेघ अभ्यासकांच्या सोयीची होती, गोळी सुरू करण्याची नव्हती. पण 1995 मध्ये मर्क कंपनीचे फोसामॅक्स हे औषध अमेरिकेत आले, आणि हाडे मोजण्याची लहान, स्वस्त यंत्रे पसरवायला तिनेच एक संस्था उभी केली. दारात यंत्र, हातात आकडा, मागोमाग गोळी.

2013 च्या एका पाहणीत, आजारांच्या व्याख्या ठरवणाऱ्या समित्यांतल्या सरासरी 75 टक्के सदस्यांचे औषध कंपन्यांशी संबंध आढळले.

हाडे ठिसूळ होतात, हे खोटे नाही. खुबा मोडला तर म्हातारे माणूस अंथरुणाला खिळते. चालू गोळी परस्पर बंद करू नका, हे आम्ही बजावून सांगतो. मात्र मोफत शिबिरात टाचेला यंत्र लावून काढलेल्या आकड्यावर जाऊ नका. 1994 ची रेघ त्या यंत्रासाठी नाहीच. डॉक्टरांना सरळ विचारा : येत्या दहा वर्षांत अम्मीचे हाड मोडण्याचा धोका किती, आणि गोळीने तो किती घटेल?