जुन्या टपालात अजून ‘औरंगाबाद’च!

छत्रपती संभाजीनगर : केंद्र सरकारच्या मंजुरीनंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचे नाव बदलले; रेल्वे स्थानकाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये. संगणकात साठलेल्या जुन्या ई-मेलना मात्र कोणतीही अधिसूचना लागू होत नाही. वाळूजच्या एखाद्या उद्योजकाने २०१९ सालची परचेस ऑर्डर शोधताना शहराचे आजचे नाव टंकले, तर हाती काहीच लागत नाही. जुने नाव टंकले, तर अलीकडचा पत्रव्यवहार निसटतो.

अशा वेळी शोधाची स्वतंत्र, छोटीशी भाषा उपयोगी पडते. लिनक्सवर चालणारे ‘नॉटमच’ हे मोफत सॉफ्टवेअर तिचे चांगले उदाहरण आहे. कार्ल वर्थ यांनी ते २००९ मध्ये सुरू केले. ते पत्रे आणतही नाही आणि पाठवतही नाही. साठवलेल्या सर्व पत्रांची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, शब्दसूची ते तयार करते आणि प्रत्येक शोध त्या सूचीत घेते. त्यामुळे लाखभर पत्रांतूनही उत्तर क्षणात मिळते. जीमेलवरील पत्रे ‘टेकआउट’ सुविधेने उतरवून घेता येतात. ती एकाच मोठ्या फाइलमध्ये येतात. नॉटमचसाठी प्रत्येक पत्राची वेगळी फाइल करून घ्यावी लागते.

टर्मिनलच्या खिडकीत ‘नॉटमच सर्च’ अशी आज्ञा देऊन पुढे अवतरणचिन्हांत अट लिहायची. ‘फ्रॉम’ म्हणजे पाठवणारा, ‘सब्जेक्ट’ म्हणजे विषय, ‘डेट’ म्हणजे तारीख. ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ आणि कंस यांनी अटी जोडता येतात. उदाहरणार्थ, ‘(औरंगाबाद ऑर संभाजीनगर) अँड डेट:२०१९..२०२४’. आज्ञेचे शब्द व आकडे रोमन लिपीत टंकावे लागतात. शोधायचा शब्द मात्र पत्रात ज्या लिपीत असेल, त्याच लिपीत हवा. इंग्रजी पत्रांसाठी दोन्ही नावे रोमनमध्येही द्यावीत.

खरी कसोटी मराठीची आहे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘औरंगाबाद’ शोधल्यास ‘औरंगाबादला’ किंवा ‘औरंगाबादहून’ सापडत नाही, कारण सूचीत ते वेगळे शब्द असतात. शब्दाच्या शेवटी तारांकन दिले की हे सारे एकत्र येतात. ‘संभाजी’पुढे तारांकन दिल्यास ‘संभाजी नगर’ असे तोडून लिहिलेलेही मिळते. अर्थात संभाजी नावाचे सगळे परिचितही त्या यादीत हजर होतात! ‘जमीन’ हा शब्द याहून अवघड. प्रत्यय लागताच त्याचे ‘जमिनी’ होते, म्हणून ‘जमीन’ आणि ‘जमिन’ अशी दोन्ही रूपे तारांकनासह द्यावी लागतात.

साधी ‘ग्रेप’ ही आज्ञा येथे बहुधा निरुपयोगी ठरते. देवनागरी मजकूर प्रवासासाठी सांकेतिक रूपात बदलून साठवलेला असतो. नॉटमच तो आधी उलगडते. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली पत्रे मात्र त्यालाही वाचता येत नाहीत. त्यांतील मराठी अक्षरे संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे व चिन्हेच असतात. तेथे पाठवणाऱ्याचे नाव आणि तारीख यांचाच आधार.

पत्र सापडले आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर नुसती छापील प्रत पुरत नाही. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही द्यावे लागते. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते. नॉटमच पत्राच्या मजकुराला हात लावत नाही, पण मोठ्या फाइलचे तुकडे करणारे साधन लावू शकते. म्हणून टेकआउटमधून उतरवलेली मूळ फाइल, जागा कितीही अडवत असली तरी, पुसू नये.