तापाचा पहिला तास

सकाळी ७.५०

वॉर्डात पाऊल टाकलं की आधी हात धुते, मग बाकीचं. आमचा मुलांचा वॉर्ड गडचिरोली जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयाचा, आणि त्याला लागून रक्त चढवायची डे-केअरची खोली. श्रावण चालू आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो, आणि पाणी ओसरलं की दोन-दोन दिवस अंगावर काढलेले आजार एकाच एसटीने आमच्या दारात उतरतात. म्हणून या दिवसांत रात्रीच्या सिस्टरला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सिकलसेलचं कोणी तापलंय का?

८.००

चार्ज टेबलावर बसून घ्यायचा नाही, खाटेपाशी उभं राहून घ्यायचा, हे मला माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टरने शिकवलं. केसपेपरवर ‘सलाईन चालू’ लिहिलेलं असतं आणि हात कोपरापर्यंत सुजलेला असतो, ते खाटेपाशी गेल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक मुलाचा इंट्राकॅथ बघते, आजूबाजूची कातडी दाबून बघते. लाल झाली असेल, दुखत असेल तर तो तिथेच काढायचा. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच कमी आहे त्याच्या शिरेत आपणच जंतूंना वाट करून द्यायची नाही. आज दोन बदलले.

८.३५

एक आई तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन थेट आत आली. “रातीपासून आंग गरम हाय त्याचं, सिस्टर.” दुसऱ्या हातात सिकलसेलचं कार्ड, त्यावर एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलसेलची. मी मागायच्या आधीच तिने ते कार्ड पुढे केलं. कोणत्या तरी आशाताईने तिला नीट समजावलेलं होतं.

काखेत थर्मामीटर लावला : १०१.५. वजन ११ किलो. श्वास मिनिटाला मोजला, ऑक्सिजन बघितला, डॉक्टरांना हाक मारली आणि ते येईपर्यंत ट्रे लावला.

हा ताप इतर मुलांच्या तापासारखा का नाही, ते सांगायला हवं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. बदल एवढाच, पण त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते. अशा अडकण्याने सगळ्यात आधी प्लीहेचं नुकसान होतं. रक्तातून फिरणारे न्यूमोकोकससारखे जंतू गाळून मारण्याचं काम प्लीहेचं, आणि या मुलांमध्ये ते काम वयाच्या पहिल्या काही वर्षांतच मंदावतं. मग सकाळी नुसतं तापलेलं मूल संध्याकाळपर्यंत रक्तात जंतू पसरून हातपाय गार पडलेलं दिसू शकतं. म्हणून एसएसच्या मुलाचा ताप १०१.३ च्या पुढे गेला की कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही. अँटिबायोटिकची पहिली मात्रा तासाभरात शिरेतून जायला हवी, आणि तो तास बहुतेक सगळा नर्सच्या हातात असतो.

शीर सापडायला वेळ लागला. या मुलांच्या शिरा वारंवार टोचून दमलेल्या असतात. क्लोरहेक्सिडिनने कातडी पुसली आणि वाळू दिली. हे वाळू देणं फार महत्त्वाचं. ओल्यावरच सुई घातली तर कातडीवरचे जंतू कल्चरमध्ये उगवतात आणि मग त्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. पुसल्यावर त्या जागी परत बोट लावायचं नाही. कल्चरच्या बाटलीचं रबरी बूचही स्पिरिटने पुसलं. आधी कल्चर, मग अँटिबायोटिक, हा क्रम मोडायचा नाही. पण रक्त निघतच नसेल तर त्यासाठी औषध अडवूनही ठेवायचं नाही. त्याच रक्तातून सीबीसी, रेटिक्युलोसाइट, गट आणि क्रॉसमॅच पाठवलं. बोटाच्या थेंबावर मलेरियाचं किट लावलं आणि स्लाइडही काढली. किटचा निकाल यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन भरून तयार होतं. डॉक्टरांनी मुलाला तपासून मात्रा लिहिली होती. आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, चालू असेल तर त्याच नळीतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन जाऊ द्यायचं नाही, त्यातल्या कॅल्शियमशी औषधाचे कण बनतात. इथे नॉर्मल सलाईन होतं, तरी नळी धुऊन घेतली.

औषध सुरू झालं ९.०५ ला. वेळ लाल पेनाने लिहिली.

९.३०

मलेरियाचं किट निगेटिव्ह. पॅरासिटामॉल दिलं, अंग कोमट पाण्याने पुसायला आईला सांगितलं. बर्फ आणि गार पाण्याची पट्टी या मुलांना नको, गारठ्याने पेशी जास्त वाकतात. मूल थोडं शांत झाल्यावर त्याच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला. प्लीहा दोन बोटं लागली. पेनाने तिच्या कडेवर रेघ ओढली.

ती रेघ आईसाठी. आपल्या मध्य भारतातल्या बऱ्याच मुलांची प्लीहा आफ्रिकेतल्या मुलांइतकी लवकर आकसून जात नाही, वर्षानुवर्षं हाताला लागत राहते. पण हाताला लागते म्हणून ती काम करते असं नाही. उलट तिच्यात रक्त अचानक साचून राहिलं की काही तासांत मूल पांढरंफटक पडतं. आईचा हात धरून तिथे ठेवला आणि बोटं कशी हळू दाबायची ते दाखवलं. तिला मराठी समजत होतं, पण बोलताना ती अडखळत होती, म्हणून वॉर्डातल्या मावशीने गोंडीत परत सांगितलं. मावशीने सांगितल्यावर आई पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. तिने स्वतः बोटं ठेवून रेघ शोधली, दोनदा.

१०.१५

सात नंबरवर पंधरा वर्षांची मुलगी, कालपासून कंबर आणि मांड्या दुखतायत. ती रडत नाही. भिंतीकडे तोंड करून पडली आहे आणि विचारलं की “बरं आहे” म्हणते. हे उत्तर घेऊन पुढे जायचं नाही. “शून्य ते दहा, आत्ता किती गं?” असं विचारलं तेव्हा म्हणाली, “आठ.”

सिकलसेलचं दुखणं बाहेरून दिसत नाही. हाडात सूज नाही, एक्स-रेत काही नाही, पट्टी नाही, जखम नाही. लहानपणापासून ज्यांना हे दुखतं ती मुलं रडायचं सोडून देतात, कारण रडून काही होत नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं. मग नवीन माणसाला वाटतं, एवढं काही नसेल, औषधाची सवय लागली असेल. माझं याबाबत स्पष्ट मत आहे : ती आठ म्हणाली तर आठ. औषध दुखेल तेव्हा मागायचं, अशी गोष्ट नाही. ते घड्याळाप्रमाणे द्यायचं आणि अर्ध्या तासाने परत विचारायचं. लिहिलेली मात्रा दिली, कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली. पावणेअकराला विचारलं, सहा. डॉक्टरांना कळवलं, मात्रा वाढवून घेतली.

दुखतंय म्हणून ती वरवर श्वास घेते, आणि वरवर श्वास घेतला की फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे जंतुसंसर्ग होतो, पेशी अडकतात, आणि छातीचा तो गंभीर प्रकार सुरू होतो ज्यात सिकलसेलची मुलं दगावतात. म्हणून तीन चेंडूंचं फुंकायचं नव्हे, ओढायचं यंत्र तिच्या उशाशी आहे. जागी असेपर्यंत दर दोन तासांनी दहा खोल श्वास. औषध लागू झाल्यावरच करायला लावते. दुखत असताना करायला लावणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे.

११.००

डे-केअरमध्ये थॅलेसेमियाचा नऊ वर्षांचा मुलगा, दर तीन आठवड्यांनी येणारा. आल्याबरोबर हात पुढे करतो.

रक्तपेढीतून पिशवी आली की अर्ध्या तासात लावायची आणि चार तासांच्या आत संपवायची. मी आणि ब्रदर, दोघांनी मिळून जुळवलं : नाव, नोंदणी क्रमांक, गट, पिशवीचा क्रमांक, मुदत. पिशवी उजेडात धरून गुठळी, रंग, गळती बघितली. मुलाला “तू अमुकच ना?” असं विचारायचं नाही, झोपेतलं किंवा घाबरलेलं मूल कशालाही हो म्हणतं. “तुझं पूर्ण नाव सांग,” म्हणायचं. ताप, नाडी, रक्तदाब आधी लिहायचा. मग पहिली पंधरा मिनिटं पिशवी हळू सोडून त्याच्यापाशीच थांबायचं, कितीही हाका आल्या तरी. रक्त न जुळल्याचा सगळ्यात घातक प्रकार याच मिनिटांत कळतो : कापरं भरणं, कंबर दुखणं, छातीत दडपण, “मला कसंतरी होतंय” असं नुसतं म्हणणंसुद्धा. तसं झालं तर रक्त बंद, सेट बदलून सलाईन चालू, डॉक्टरांना हाक आणि पिशवी सेटसकट परत रक्तपेढीकडे.

आज काही झालं नाही. सव्वा अकराला वेग वाढवला. त्याच्या आईला लोहाच्या गोळीचं विचारलं, म्हणजे शरीरात साठलेलं लोह बाहेर काढणाऱ्या गोळीचं. रक्तातून येणारं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि हृदयात साठतं. गोळी पाण्यात विरघळवून उपाशीपोटी द्यायची असते, आणि शाळेच्या घाईत नेमकी तीच राहते.

१२.१५

औषधांची फेरी, लघवीची नोंद, एका मलेरियाच्या मुलाला प्रायमाक्विन. लघवी काळपट दिसली तर लगेच दाखवायची, असं त्याच्या बापाला सांगितलं. जी६पीडी या विकराची कमतरता असेल तर या गोळीने रक्त फुटतं, म्हणजे तांबड्या पेशी फुटतात.

आमच्या भागात मलेरिया आणि सिकलसेल शेजारी राहतात, आणि ते योगायोगाने नाही. सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या माणसाला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यास करून १९५४ मध्ये मांडलं. या जंगलात पिढ्यान् पिढ्या तेच घडलं असणार. वाहकाला ते वाचवतं. पण दोन्ही जनुकं आलेल्या मुलाला मलेरिया झाला तर तो त्याला जास्तच खाली ओढतो.

१.००

सकाळच्या आईपाशी परत बसले. बाळाचा ताप १००, दूध प्यायला. कार्डावर पेनिसिलिनची खूण दोन महिन्यांपासून नव्हती. गोळ्या संपल्या, मग नदीला पाणी आलं. रोज दोनदा, पाच वर्षांचा होईपर्यंत, हे तिला माहीत होतं. हे इतकं धरून का ठेवतो आम्ही? १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजच्या पेनिसिलिनने लहान मुलांमधला न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला होता. इतक्या स्वस्त औषधाचा इतका मोठा उपयोग मी फार थोड्या ठिकाणी पाहिलाय. न्यूमोकोकसची लस आता सरकारी लसीकरणात आहे. याला तिन्ही डोस मिळालेले होते, त्याचं श्रेय तिच्या उपकेंद्राच्या सिस्टरचं. डॉक्टर या मुलाला हायड्रॉक्सीयुरिया सुरू करायचा विचार करतायत. ती कॅप्सूल दुखत नसतानाही रोज घ्यायची, आणि रक्त ठरल्या वेळी तपासायचं, हे आत्तापासूनच बोलून ठेवलं.

मग ती हळूच म्हणाली, सासू म्हणते हा आजार तिच्या माहेरचा. मी तिच्या नवऱ्याला बाहेरून बोलावलं आणि दोघांसमोर सांगितलं : आई आणि बाप, दोघांकडून जनुक आल्याशिवाय एसएस मूल होत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात असं मूल होण्याची शक्यता चारात एक. पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच कळवा, पोटातल्या बाळाची तपासणी होऊ शकते. नवरा खाली बघत ऐकत होता. “घरी मीच सांगतो,” म्हणाला.

१.४५

संध्याकाळच्या सिस्टरला खाटेपाशी चार्ज देते. तीन वर्षांच्या मुलाचं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ९.०५ ला, पुढची मात्रा उद्या त्याच वेळी. प्लीहेची रेघ दर चार तासांनी बघ. लघवीचा रंगही बघ, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनने क्वचित सिकलसेलच्या मुलांचं रक्त फुटतं. सात नंबरला तीन वाजता दुखणं किती ते विचार, ती स्वतःहून सांगणार नाही. थॅलेसेमियाच्या मुलाची पिशवी अडीचपर्यंत संपेल, मग तासभर ठेवून सोड. कल्चरचा निरोप प्रयोगशाळेतून आला तर रात्र असली तरी थेट ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन कर. आणि त्या आईच्या गावच्या आशाताईचा नंबर केसपेपरच्या मागे लिहिलाय, सुट्टी देताना पेनिसिलिन आईच्या हातात देऊन मगच आशाताईला कळव.