समुद्र भिंतीआड, समुद्र कड्याखाली

बार्बाडोस हे नाव आपल्याला क्रिकेटनं शिकवलं. १९७१ साली ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी दीडशे धावा काढल्या. त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात सुनील गावसकर ११७ धावांवर नाबाद राहिले. पुढे २९ जून २०२४ रोजी त्याच मैदानावर रोहित शर्माच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटीचा विश्वचषक उचलला आणि पाठोपाठ आलेल्या बेरिल चक्रीवादळामुळे विमानतळ बंद होऊन तिथंच अडकून पडला. एवढं सगळं ऐकूनही हे बेट केवढं आहे, असं कुणी विचारलं तर आपण जरा गडबडतो.

तर ते आहे ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद. क्षेत्रफळ साधारण ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडं कमीच. वस्ती तीन लाखांच्या आत. या बेटावर इंग्रजांनी १६२७ साली वसाहत केली आणि थोड्याच वर्षांत उसाच्या मळ्यांसाठी बहुतेक जमीन मोजून-वाटून घेतली. तेव्हा ‘कुणालाच ठाऊक नसलेला किनारा’ अशी जी भाषा प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत असते, ती इथं खरी नव्हे. प्रत्येक पुळणीला नाव आहे, आणि तिथं पोहायला शिकलेली मुलं आहेत. तरीसुद्धा भाड्याच्या गाडीनं बेटाला वळसा घालणाऱ्या माणसाला निम्मा किनारा दिसतच नाही, हेही खरं. तो लपलेला आहे, पण पश्चिमेला एका कारणानं आणि पूर्वेला अगदी वेगळ्या कारणानं.

त्यासाठी आधी या बेटाची जात समजून घ्यायला हवी. कॅरिबियनमधली शेजारची सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट ही बेटं ज्वालामुखीतून झाली. बार्बाडोस तसं नाही. ते त्या बेटांच्या माळेबाहेर, दीडशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, अटलांटिकमध्ये एकटं उभं आहे. अटलांटिकच्या तळाचा भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली सरकताना तळाचा गाळ खरवडला जातो आणि त्याचा ढीग वर उचलला जातो. बार्बाडोस हे त्या ढिगाचं समुद्राबाहेर आलेलं डोकं. वर येताना त्याच्या उथळ कडांवर प्रवाळ वाढत गेलं. आज बेटाच्या सुमारे ८५ टक्के भागावर या प्रवाळी चुनखडीचं टोपण आहे. ईशान्येच्या स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट नावाच्या भागात मात्र ते झिजून गेलंय, आणि खालची भुसभुशीत माती उघडी पडली आहे. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो. त्यामुळे पश्चिमेचा समुद्र तळ्यासारखा आणि पूर्वेचा आफ्रिकेपासून मोकळा धावत आलेला. गाडीनं पाऊण तासात एका समुद्रावरून दुसऱ्यावर जाता येतं, पण हे दोन समुद्र एकमेकांचे नातेवाईक वाटत नाहीत.

आता गाडीबद्दल थोडं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे आपल्या माणसाला अमेरिकेपेक्षा इथं सोपं जातं. आपलं लायसन्स दाखवून तिथला तात्पुरता परवाना काढावा लागतो. भाड्याच्या गाडीचा नंबर ‘एच’ अक्षरानं सुरू होतो, म्हणजे पाहुणा कोण ते सगळ्यांना लांबूनच कळतं, आणि लोक सांभाळून घेतात. हॉर्न तिथंही वाजतो, पण तो बहुधा ‘थँक यू’ म्हणण्यासाठी. आपल्या कानांना ही सवय व्हायला वेळ लागतो! विमानतळाकडून निघणाऱ्या मोठ्या हमरस्त्यावरच्या काही गोलचौकांना गारफिल्ड सोबर्स, एव्हर्टन वीक्स, क्लाइड वॉलकॉट यांची नावं आहेत. चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, एवढा नियम पाळला की झालं.

हमरस्ता सोडला की मात्र रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना उसाचे फड किंवा दगडी गडगे. ऊस उंच असताना तिठ्यावर पलीकडचं काही दिसत नाही. तिथं गाडी अगदी हळू पुढं काढायची. पावसानंतर रस्त्यावर चिखल वाहून येतो आणि टायर घसरतात. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच टायर आणि स्टेपनी बघून घ्यावी. पेट्रोल पश्चिमेलाच भरून घ्यावं, पूर्वेला पंप विरळ आहेत. रस्ता चुकलाच तर बसथांब्याची पाटी बघायची. तिच्यावर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ एवढंच लिहिलेलं असतं: ब्रिजटाऊनकडे, किंवा ब्रिजटाऊनपासून दूर. सगळ्या बेटाला हा एकच होकायंत्राचा काटा पुरतो.

ब्रिजटाऊनहून स्पाइट्सटाऊनकडे जाणारा पश्चिमेचा रस्ता समुद्राला अगदी चिकटून जातो, पण समुद्र दिसत नाही. एका बाजूला बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या भिंती, फाटकं, बोगनवेली, पुन्हा भिंत. जगातल्या श्रीमंतांची हिवाळ्यातली घरं इथं आहेत. भिंतीपलीकडे पन्नास पावलांवर प्रवाळाच्या चुऱ्याची पांढरी वाळू आहे, आणि ती वाळू सगळ्यांची आहे. बार्बाडोसमध्ये खासगी पुळण नाही. भरतीच्या रेषेखालची जमीन सरकारची. हॉटेलचा पाहुणा आणि स्पाइट्सटाऊनचा कोळी तिथं सारखेच. हे सगळ्या कॅरिबियनमध्ये असंच असतं असं मात्र समजू नये. जमैकात १९५६ च्या किनारा नियंत्रण कायद्यानं किनाऱ्याचे हक्क सरकारकडे गेले, पण सामान्य माणसाला तिथं पोहण्याचा सरसकट हक्क मिळाला नाही. त्यावरून तिथले लोक आजही कोर्टात भांडताहेत.

बार्बाडोसमधली अडचण वेगळी. वाळू सार्वजनिक, पण वाळूपर्यंतची वाट? ती कुणाच्या तरी आवारातून जाते. कायद्यानं दिलेला हक्क भिंतीशी येऊन थांबतो. म्हणून दोन बंगल्यांमधली हातभर रुंदीची बोळकांडी इथं फार मोलाची. पेन्स बे आणि त्याच्या वरच्या भागात अशा बोळांच्या तोंडाशी ‘पब्लिक अॅक्सेस’ असा फलक असतो. कधी तो झाडाआड गेलेला असतो, कधी फलकच नसतो आणि नुसता वाळूचा माग दिसतो. रस्त्यालगत बांधकामाविना राखलेल्या मोकळ्या जागांना नियोजनाच्या भाषेत ‘समुद्राच्या खिडक्या’ म्हणतात. नाव छान आहे. पण खिडकी ठेवायची म्हणजे सोन्याच्या भावाची जमीन मोकळी सोडायची, आणि तिथं नागरिकांना सतत जागं राहावं लागतं. एखादी वाट बुजली, की आजीबरोबर तिथं पोहायला जाणाऱ्या मुलांचा समुद्रच गेला. पाहुण्यानं एवढं करावं: गाडी अशा बोळाच्या तोंडाशी आडवी लावू नये. ती वाट आपल्या फोटोसाठी नसून कुणाच्या तरी रोजच्या आंघोळीची आहे.

स्पाइट्सटाऊननंतर भिंती संपतात, बेट चढू लागतं आणि किनारा कड्याखाली जातो. आर्चर्स बेला गाडी वर गवतात ठेवून पायऱ्या उतराव्या लागतात. अगदी उत्तर टोकाला अॅनिमल फ्लॉवर केव्ह ही समुद्रगुहा आहे. तिकीट काढून वाटाड्याबरोबर आत उतरायचं. खळग्यांमधल्या पाण्यात समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, चिकटलेले असतात. त्यांच्यावरूनच गुहेला नाव पडलं. समुद्र खवळला की गुहा बंद, तिथं वाद घालायचा नाही. तिथून पूर्वेकडे वळलं की कोव्ह बे लागतं. कड्याच्या टोकावर पायको टेनेरिफ नावाचा सुळका उभा आहे. इथं खाली उतरण्यात अर्थ नाही; वरून बघावं आणि पुढं जावं.

बघण्यासारखी खरी जागा म्हणजे चेरी ट्री हिल. महोगनीच्या झाडांमधून रस्ता वर येतो आणि एकदम सगळा स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट पायाशी पसरतो. चुनखडीचं टोपण इथंच संपतं, आणि वर सांगितलेला सगळा भूगोल डोळ्यांनी दिसतो. खाली उतरलं की बेलप्लेनपासून बाथशीबाकडे जाणारा किनारी रस्ता लागतो. ब्रिजटाऊनहून निघणारी एक छोटी आगगाडी याच किनाऱ्यानं बेलप्लेनला जात असे. खारी हवा आणि ढासळती माती यांच्याशी झगडून ती १९३७ साली बंद पडली. तिच्याच मार्गाच्या आसऱ्यानं झालेला रस्ता १९६६ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, खुला झाला. आज त्याला अर्मी बोर्न यांचं नाव आहे. १९५१ साली तिथल्या विधानसभेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

या रस्त्यावर समुद्र लपलेला नाही. कॅटलवॉशला मैलच्या मैल पुळण, आणि माणूस नाही. पाहुण्याला वाटतं, अरे, ही जागा कुणाला सापडलीच नाही! तसं नसतं. माणसं नाहीत, कारण इथं पोहत नाहीत. लाटा पाणी किनाऱ्यावर लोटत राहतात, आणि ते पाणी एखाद्या अरुंद पाटातून जोरानं परत जातं. त्या पाटावर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्या माणसाला तीच जागा शांत वाटते आणि तो नेमका तिथं उतरतो. तसं सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पाटाबाहेर यावं. त्याहून चांगलं म्हणजे कमरेइतक्याही पाण्यात जाऊ नये. बाथशीबाला प्रवाळाचे प्रचंड खडक पाण्यात छत्रीसारखे उभे आहेत, तळाशी लाटांनी कुरतडलेले. तिथल्या ‘सूप बोल’ नावाच्या लाटेवर फळी घेऊन जाणारे लोक जगभरातून येतात. ते बघत बसावं.

आपल्याकडे कोकणात किनाऱ्यावर उतरायचं तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघतात. मुंबईला तो फरक चार-पाच मीटरांपर्यंत जातो. बार्बाडोसला तो जेमतेम मीटरभर. तिथं घड्याळापेक्षा लाटांकडे, आणि लाल बावट्याकडे, लक्ष ठेवायचं.

खाली आग्नेयेला, सेंट फिलिपमध्ये, चुनखडीचा कडा पुन्हा सलग होतो आणि त्याच्या खोबणीत एकेक पुळण बसलेली असते. बॉटम बे, हॅरिस्मिथ, क्रेन, फाउल बे. वरून गाडीतून काही दिसत नाही. शेतातला कच्चा रस्ता, मग एकदम कडा, आणि खाली नारळी आणि गुलाबी झाक असलेली वाळू. हॅरिस्मिथला एका पडक्या जुन्या बंगल्याच्या बाजूनं दगडी पायऱ्या उतरतात. या जागांवर गाडीत सामान ठेवून जाऊ नये आणि एकट्यानं पाण्यात जाऊ नये; हाक मारली तर वर ऐकू येत नाही.

दोन गोष्टी आणखी. पुळणीच्या कडेला मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं येतात. त्याचा चीक बिब्ब्यासारखा, किंबहुना जास्तच. अंगावर फोड येतात. फळ चाखायचं नाही आणि पावसात त्या झाडाखाली उभंही राहायचं नाही, पानांवरून निथळणारं पाणीही भाजतं. पुष्कळ ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा मारलेला असतो. दुसरी गोष्ट सार्गासम या तपकिरी समुद्रशेवाळाची. २०११ पासून ते अटलांटिकमधून ढिगांनी येऊन पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर पडतं. कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. दरवर्षी सारखं नसतं, पण आदल्या दिवशी चौकशी करून निघावं. पश्चिमेला त्याचा त्रास कमी.

पूर्वेला पोहायचंच असेल तर सेंट जॉनमधलं बाथ. किनाऱ्याजवळच प्रवाळाचा बांध आहे, तो लाटा अडवतो आणि आतलं पाणी गुडघा-कमरेएवढं शांत राहतं. सुरूच्या झाडांखाली रविवारी स्थानिक कुटुंबं डबे घेऊन येतात. इथंच दिवस संपवावा. मात्र चारच्या पुढं फार रेंगाळू नये. हे बेट तेरा अंशांवर आहे, सूर्य वर्षभर साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो आणि संधिप्रकाश म्हणून काही राहत नाही. बाथहून वर येणारा रस्ता चढाचा आणि वळणाचा आहे, आणि उसामधून जाताना दिव्याचा खांब क्वचितच भेटतो.